सर्किट ते पॅकेट: कुंडई–वेर्णा–डिचोली, पावसाळा २०२५ च्या प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

ग्राहक एक उद्योगसमूह. गोव्यात कारखाने तीन: कुंडई, वेर्णा, डिचोली. आजवर तिन्ही एसडीएच रिंगवर होते, म्हणजे प्रत्येक सर्किटला ठरलेली जागा कायम राखून ठेवणाऱ्या जुन्या फायबर जाळ्यावर. त्या मल्टिप्लेक्सरची कार्डं आता नवीन मिळत नाहीत, कुठल्या तरी गोदामातून जुनी शोधून आणावी लागतात, म्हणून रिंग काढून एमपीएलएस, म्हणजे लेबल लावलेल्या पॅकेटांचं जाळं, आणायचं ठरलंय. राउटर बसले, फायबर तेच आहे. अडचण टोकांना आहे. पीबीएक्स (कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज), स्काडाचा (दूरनियंत्रण यंत्रणेचा) जुना कॉन्सन्ट्रेटर, डिचोलीच्या उपकेंद्रातला रिले (विजेच्या लाइनचा रक्षक), यांतल्या कुणालाच पॅकेट कळत नाही. पीबीएक्सला आणि कॉन्सन्ट्रेटरला ई१ हवा: सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि खंड पडता कामा नये. रिलेला हवी ६४ केबीपीएसची वाहिनी, पण तिच्याही अटी याच.

म्हणून सर्किट इम्युलेशन: सर्किटची बिटं पॅकेटांत भरून पाठवायची, पलीकडे पुन्हा सर्किट उभं करायचं. ई१ साठी सॅटॉप पद्धत, आरएफसी ४५५३. ई१ च्या आत काय चाललंय ते बघायचं नाही, २५६ बाइट जमले की पॅकेट रवाना. सेकंदाला १००० पॅकेटं, प्रत्येकात १ मिलिसेकंदाचा, म्हणजे ८ फ्रेमचा माल. लेबलं, हेडर, दोन फ्रेममधली मोकळी जागा सगळं धरलं तर एक ई१ तारेवर २.४५ एमबीपीएसच्या आसपास जागा खातो. पलीकडे, पॅकेटं मागेपुढे आली तरी बिटं एकसारखी निघावीत म्हणून, जिटर बफर ८ मिलिसेकंदांचा. तो ४ पर्यंत भरला की बिटं बाहेर सोडायला सुरुवात.

माझ्याकडे देखरेखीचं काम आहे. एनएमएसवर (जाळ्याच्या देखरेखीच्या प्रणालीवर) आधीच आलेख लावून ठेवलेत: सरासरी लेटन्सी (उशीर), पॅकेट लॉस टक्क्यांत, दर पाच मिनिटांनी एक ठिपका. दिसायला छान. कामाचे नाहीत. लॉस ०.०१ टक्के म्हटलं की कुणीही मान हलवून पुढे जाईल आणि पडद्यावर तो आकडा ०.० असाच दिसेल. पण १००० पॅकेटांच्या धारेत ०.०१ टक्के म्हणजे दर दहा सेकंदांना एक पॅकेट गायब. ते एकसारखे पसरले तर पंधरा मिनिटांच्या ९०० सेकंदांत ९० सेकंद सदोष. जी.८२६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाषेत ९० ईएस (सदोष सेकंद). असा ई१ जुन्या एसडीएचवर कुणी चालवूनच घेतला नसता.

२६ जून, गुरुवार

काउंटर ठरवले. पॅकेटच्या बाजूचे काउंटर काढत नाही, पण निकाल सर्किटच्या बाजूने लावायचा. प्रत्येक टोकाला ईएस, एसईएस (फारच सदोष सेकंद), यूएएस (अनुपलब्ध सेकंद). बफरची खोली किमान आणि कमाल, सरासरी अजिबात नको. हरवलेली, उशिरा आलेली आणि क्रम चुकलेली पॅकेटं वेगवेगळी. आणि पॅकेटच्या कंट्रोल वर्डमधले एल आणि आर बिट: एल म्हणजे पाठवणाऱ्या टोकाच्या यंत्राकडून सिग्नल नाही, आर म्हणजे पलीकडच्या टोकाला आपली पॅकेटं मिळत नाहीत.

जी.८२६ ई१ साठी २०४८ बिटांचा ब्लॉक धरतं, सेकंदाला १००० ब्लॉक. सॅटॉपचं पॅकेटही २०४८ बिटांचंच. तेव्हा एक पॅकेट गेलं तर एक ब्लॉक गेला असं वाटतं, पण सॅटॉप फ्रेमची हद्द पाळत नाही, त्यामुळे एक पॅकेट सहसा दोन ब्लॉकांवर पाय ठेवून असतं आणि दोन्ही बाद होतात. सेकंदातले ३०० ब्लॉक बाद झाले की तो सेकंद एसईएस.

यूएएस हा सापळा आहे. सलग दहा एसईएस झाले की वाहिनी ‘अनुपलब्ध’ ठरते आणि त्यापुढे ईएस-एसईएस मोजणं थांबतं. मग मेलेली लिंक अहवालात निरोगी दिसते. यूएएसचा रकाना अहवालात सगळ्यात डावीकडे ठेवायला सांगितलंय.

सगळे नोड एकाच एनटीपी वेळेवर आणले. कुंडईचा मोजणीचा पंधरा मिनिटांचा खण आणि वेर्ण्याचा खण एकाच वेळी उघडले नाहीत तर दोन टोकांची तुलना करण्यात अर्थ नाही.

३० जून, सोमवार

वेर्ण्याला लूप, कुंडईहून बीईआर टेस्टर (बिटांच्या चुका मोजणारा), दोनचा पंधरावा घात वजा एकचा पॅटर्न, रात्रभर. एकही चूक नाही. डिचोलीकडेही तसंच.

क्लॉकची व्यवस्था: कुंडईला जीपीएस, तिथून सिंक्रोनस इथरनेटने, म्हणजे लिंकच्या सिग्नलमधूनच, वेग बाकीच्या नोडांना. अ‍ॅडॅप्टिव्ह क्लॉक वापरायचा आग्रह होता, कारण त्याला वेगळं काही लागत नाही. पण तो पॅकेटं कशी येतात त्यावरूनच वेग ओळखतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि राखीव मार्ग मायक्रोवेव्हचा. पॅकेटं लडबडली की घड्याळही लडबडणार. नको म्हणून सांगितलं.

७ जुलै, सोमवार

शुक्रवारी कुंडई–वेर्णा पीबीएक्सचा ई१ नव्या मार्गावर टाकला. शनिवार-रविवार कारखान्यात फोन कमीच, तक्रार आली नाही. आज सकाळी खण उघडून बघितले तर कुंडईच्या टोकाला ईएस आहेत. थोडे आहेत, एका वेळी एक, क्वचित दोन. वेर्ण्याच्या टोकाला शून्य. हरवलेली पॅकेटं दोन्हीकडे शून्य.

पंधरा मिनिटांच्या खणांत बघितलं तर एक खण सोडून एक, मधेच दोन सोडून एक, काही सूत्र लागेना. लॉगमधल्या वेळा काढून ओळीने लिहिल्या तेव्हा उलगडा झाला: दर ३३ मिनिटांनी, थोड्याफार सेकंदांच्या फरकाने. पहाटे तीनला तसंच आणि सकाळी अकराला तसंच. वाहतूक, पाऊस, फायबरचा सांधा, यांतलं काहीही इतकं वेळ पाळून वागत नाही. इतकी नियमित गडबड फक्त घड्याळाची असते.

बफरच्या खोलीचा आलेख लावला. करवतीच्या दातांसारखी रेघ: ४ वरून हळूहळू ८ पर्यंत चढते, ओव्हररन होतो, नोड बफर परत मध्यावर आणतो, पुन्हा चढण. ४ मिलिसेकंद चढायला २००० सेकंद, म्हणजे सेकंदाला २ मायक्रोसेकंद, म्हणजे वेर्ण्याकडून येणारा ई१ २ पीपीएमने (दहा लाखांत २) वेगात आहे. वेर्ण्याचं पीबीएक्स आपल्याच क्रिस्टलवर चाललेलं असणार.

मग हे आजवर कुणाला कसं जाणवलं नाही? एसडीएचमध्ये ई१ चा वेग जसा असेल तसा, मधे भरताड बिटं घालून, पलीकडे पोचवला जातो. ५० पीपीएमपर्यंतचा फरक तो मुकाट्याने सहन करतो. त्रास पीबीएक्सच्या पोटात व्हायचा. २ पीपीएमच्या फरकाला १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम साधारण ६२ सेकंदांत घसरते. बोलण्यात ती ऐकूही येत नाही. फॅक्सला मात्र पुरते. वेर्ण्याच्या ऑफिसात विचारलं तर तिथली बाई म्हणाली, “आवाज बरो येता, पूण फॅक्स वचना. पयलींच्यान तशेंच.” (आवाज चांगला येतो, पण फॅक्स जात नाही. पहिल्यापासून तसंच.) म्हणजे आमच्या आधीपासूनचं दुखणं आहे, आमच्या बफरने ते फक्त उघड्यावर आणलं.

८ जुलै, मंगळवार

वेर्ण्याला जाऊन आलो. पीबीएक्सच्या ट्रंक कार्डात क्लॉकचा स्रोत ‘अंतर्गत’. कुंडईच्या पीबीएक्सला सार्वजनिक एक्स्चेंजच्या पीआरआय लाइनवरून वेग मिळतो, तेव्हा वेर्ण्याने ट्रंकवरून येणारा वेग घ्यायला हवा. ग्राहकाच्या पीबीएक्सवाल्याने सेटिंग बदललं, कार्ड रीसेट. दुपारपासून बफरची रेघ सपाट, ४ वर. दोन्ही टोकं आता पहिल्या दर्जाच्या घड्याळांना बांधलेली आहेत. तशी दोन घड्याळं अगदी वाईटात वाईट धरली तरी एक फ्रेम घसरायला ७२ दिवस लागतात.

संध्याकाळी फॅक्स गेला. त्या बाईंनी जीएसटीचं काहीतरी पान तीनदा पाठवून खात्री करून घेतली.

१५ जुलै, मंगळवार

काल रात्री महामार्गालगत खोदकामात फायबर तुटलं. कुणी खोदलं ते लिहीत नाही, खोदणारे रोज वेगळे असतात. कुंडई–वेर्णा वाहतूक मायक्रोवेव्हवर गेली. हा रेडिओ हॉप झुआरी नदी ओलांडून, १५ गिगाहर्ट्झवर. रात्रभर धो धो.

सकाळचे खण वाईट. दोन्ही टोकांना ईएस, मधूनमधून एसईएस, वेळांत नियमितपणा नाही. आणि नेटवर्कवाल्यांचा पडदा हिरवागार: रेडिओवर एकही फ्रेम टाकली गेलेली नाही, लॉस शून्य. दोघंही खरं बोलताहेत. पॅकेटं पोचली, सगळी पोचली, पण वेळेत पोचली नाहीत. बफर ४ मिलिसेकंद वाट बघतो, त्यानंतर त्या जागी सगळे १ भरून पुढे जातो. मागाहून आलेलं पॅकेट फेकून दिलं जातं. आयपीच्या हिशेबात ते मिळालं, ई१ च्या हिशेबात हरवलं. ‘उशिरा आलेली’ हा काउंटर वेगळा ठेवला नसता तर आज दिवसभर रेडिओवाले आणि आम्ही एकमेकांना आकडे दाखवत बसलो असतो.

उशीर कुठे होतो ते शोधायला वेळ लागला नाही. पाऊस वाढला की रेडिओ मॉड्युलेशन उतरवतो. २५६ क्वॅममध्ये एका सिम्बॉलमागे ८ बिट जातात, क्यूपीएसकेमध्ये २. लिंक तुटत नाही, पण क्षमता चौथाईवर येते. रात्री दोननंतर बराच वेळ ती ४० एमबीपीएसच्या आसपास होती. त्या वेगाला १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला ३०० मायक्रोसेकंद. वेर्ण्याच्या सीसीटीव्हीचे कॅमेरे एकदम झुंडीने पॅकेटं सोडतात; अशी वीस पुढे उभी असली की ६ मिलिसेकंद गेले. बफर रिकामा.

पण ई१ च्या पॅकेटांना पुढे काढायचं ठरलेलं होतं, मग ती रांगेत का? राउटर अग्रक्रम एमपीएलएसच्या लेबलात लिहितो. हा रेडिओ लेबल वाचत नाही, फक्त इथरनेट फ्रेमवरच्या व्हीलॅन टॅगमधले प्राधान्याचे बिट बघतो आणि तिथे सगळ्यांचं शून्य. रेडिओच्या दृष्टीने कॅमेऱ्यांची पॅकेटं आणि आमची पॅकेटं एकाच रांगेत.

१६ जुलै, बुधवार

राउटरच्या रेडिओकडच्या पोर्टवर लेबलातला अग्रक्रम टॅगमध्ये उतरवायचा नियम घातला. रेडिओवर त्या वर्गाला कडक प्राधान्य.

बैठकीत सूचना आली, बफर ८ चा १६ करा, भागतंय. भागलं असतं. पण त्याने मार्गाचा उशीर वाढतो, पीबीएक्सवर प्रतिध्वनी येऊ लागतो आणि मुख्य म्हणजे रांगेतला घोळ झाकला जातो. पुढच्या वर्षी कॅमेरे दुप्पट झाले की १६ ही अपुरा. बफर तसाच ठेवला. फायबर दुपारी जोडलं, पण वाहतूक मुद्दाम मायक्रोवेव्हवर ठेवली आहे. पाऊस कुठे जातोय.

१९ जुलै, शनिवार

पहाटे तासभर जोराचा पाऊस, रेडिओ पुन्हा क्यूपीएसकेवर. ईएस शून्य. बफरची किमान खोली ३.७. तेवढं बरोबर आहे: मोठं पॅकेट आधीच निघालेलं असेल तर ते मधे तोडता येत नाही, त्याचे ३०० मायक्रोसेकंद सोसावेच लागतात. वाहतूक फायबरवर परत नेली.

२८ जुलै, सोमवार

डिचोलीला झाड पडून वीज गेली, स्काडा कॉन्सन्ट्रेटरच्या बॅटरीने दम तोडला. नोड मात्र चालू. ई१ पोर्टवर सिग्नल नाही, म्हणून पॅकेटांत एल बिट लागला, कुंडईने पलीकडे एआयएस (सगळे १, बिघाडाची खूण) सोडलं. अपेक्षित होतं तसंच. पॅकेट लॉस शून्य, ईएसही पहिल्या काही सेकंदांनंतर शून्य, यूएएस भरभरून. डावीकडचा रकाना उपयोगी पडला.

५ ऑगस्ट, मंगळवार

डिचोली. रिलेची वाहिनी. हिच्यासाठी निवांत दिवस राखून ठेवला होता.

उपकेंद्र ते कारखाना ३३ केव्हीची लाइन, दोन्ही टोकांना डिफरन्शियल रिले. दोघं आपापल्या टोकाचा करंट मोजतात, एकमेकांना कळवतात, फरक आढळला तर दोष लाइनवर, ट्रिप: लाइन तोडायची. तुलना एकाच क्षणाच्या मापांची व्हायला हवी. त्यासाठी रिले जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजतो आणि त्याचा निम्मा एका बाजूचा धरतो. जाणं आणि येणं सारखं आहे, हे त्याचं गृहीतक. जुन्या एसडीएचवर ते खरं होतं.

नव्या मार्गावर वाहिनी सीईएसओपीएसएनने (सॅटॉपसारखीच, पण ई१ मधल्या निवडक ६४ केबीपीएसच्या वाहिन्या नेणारी पद्धत), १ मिलिसेकंदाच्या पॅकेटांत. चाचणीपुरती ट्रिप बंद ठेवली, खरं संरक्षण जुन्याच वाहिनीवर. रिलेच्या पडद्यावर उशीर ३.९५ मिलिसेकंद, स्थिर, लॉस नाही, ईएस नाही. ग्राहकाचे इलेक्ट्रिकलचे साहेब म्हणाले, “मग झालं ना? आकडा मर्यादेत आहे.” आकडा मर्यादेत होता, पण तो सरासरीचा होता. दोन्ही टोकांना जीपीएस जोडलेले टेस्टर लावून एकेरी उशीर मोजला. कारखान्याकडे जाताना ३.३. येताना ४.६.

फरक १.३ मिलिसेकंद. अडीच किलोमीटर फायबरचे बारा-तेरा मायक्रोसेकंद, ते सोडूनच द्या. फरक सगळा दोन टोकांच्या जिटर बफरांचा: एक २.१ वर स्थिरावलेला, दुसरा ३.४ वर. दोन्हीचं सेटिंग तेच, पण वाहिनी उठली त्या क्षणी क्लॉक कुठे होता, पहिलं पॅकेट कधी आलं, त्यावर खोली ठरते आणि मग तिथेच राहते.

साहेबांसमोर कागदावर हिशेब मांडला. रिलेची चूक फरकाच्या निम्मी, ०.६५ मिलिसेकंद. ५० हर्ट्झला एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे मिलिसेकंदाला १८ अंश. चूक ११.७ अंशांची. लाइनवर काहीही बिघाड नसताना, दोन्ही टोकांना तोच करंट वाहत असताना, रिलेला त्यातला सुमारे २० टक्के ‘गायब’ झालेला दिसणार. भार वाढला की हा खोटा फरकही वाढणार. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि त्यानंतर मर्यादेचं बोलले नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

नोड मुद्दाम रीस्टार्ट केला. आता खोली २.८ आणि २.५, चूक २.७ अंश. आजचा आकडा चालण्यासारखा आहे, पण वीज जाऊन आली की पुन्हा नवा आकडा. आणि डिचोलीत वीज जाऊन येते. दोन्ही बफर समान ठेवणारी सोय असलेली उपकरणं बाजारात आहेत. आमच्या नोडांत ती सोय नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लेखी सल्ला दिला: ही वाहिनी पॅकेटवर नेऊच नका. लाइन लहान आहे, त्याच मार्गावर फायबरच्या रिकाम्या जोड्या पडून आहेत, रिलेला थेट फायबरचा इंटरफेस घेता येतो. मधे बफर नाही, क्लॉक नाही, देखरेखीचा खटाटोप नाही. आमच्या प्रकल्पातून एक वाहिनी कमी झाली म्हणून आमच्या ऑफिसात एक-दोन चेहरे उतरले, कारण कंत्राटात वाहिन्यांवर पैसे आहेत. पण ट्रिप खोटी झाली आणि भट्टी थंड पडली तर तो खर्च कोणत्याच वाहिनीच्या दरात बसत नाही. ग्राहकाने मान्य केलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ (गणेश चतुर्थी). आजपासून पुढचा आठवडा कुणी काही बदलायचं नाही, असं दोन्ही बाजूंनी ठरलं. तसंही डिचोलीचा आमचा फील्डवाला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं) सामान गोळा करायला रानात गेलाय, फोन लागत नाही.

अलार्मच्या मर्यादा बसवल्या. पाच मिनिटांच्या सरासरीवर एकही अलार्म नाही. एका खणात एक जरी ईएस आला तरी नोंद, दहा झाले तर फोन. बफरची किमान खोली २ च्या खाली किंवा कमाल ६ च्या वर गेली तर इशारा. म्हणजे नुकसान व्हायच्या आधी. खोली दिवसभरात अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त एकाच दिशेला सरकली तर क्लॉकचा इशारा, हे साधारण ६ पीपीबी (अब्जात ६) झालं. आर बिट दिसला तर पलीकडच्या टोकाचे खण आधी उघडायचे, कारण आर बिट सांगतो की त्रास तिकडे होतोय. एल बिट असताना पॅकेटचे अलार्म दाबून ठेवायचे आणि टोकाच्या यंत्राकडे माणूस पाठवायचा.

३ सप्टेंबर, बुधवार

सुट्टीतले खण बघितले. कुंडई–वेर्णा स्वच्छ. कुंडई–डिचोलीला एकाच खणात तीन ईएस, आर बिटासह. त्याच वेळी फायबर रिंग दुसऱ्या बाजूला वळली होती, नोंद जुळते. डिचोलीचे रिले थेट फायबरवर आले, उशीर आता मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो.

जुन्या एसडीएचचे तीनपैकी दोन नोड बंद केले. तिसरा, कुंडईचा, अजून चालू आहे: त्यावर एका कोपऱ्यात ६४ केबीपीएसची एक वाहिनी जिवंत सापडली, कुठे जाते ते ग्राहकाकडे कुणालाच सांगता येत नाही. पोर्टवर ट्रॅफिक आहे. शुक्रवारी केबल धरून शोधत जाणार. स्काडाची बॅटरी बदलणं ग्राहकाकडे बाकी.